गहाण वावर आणि बॅरिस्टरी

(डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या जयंतीनिमित्त, दर्यापूर तालुक्यातील एका खेड्यात शाळेच्या ओट्यावर दिलेले व्याख्यान)



आज २७ डिसेंबर. सन १८९८ मध्ये याच तारखेस आपल्या अमरावती जिल्ह्यातील पापळ या गावी शामराव व राधाबाई या कास्तकार जोडप्याच्या पोटी पंजाबरावांचा जन्म झाला. तसबिरीला हार घालून झाला, नारळ फुटला, प्रसादही वाटला गेला. एवढ्यावर उठून घरी जाण्याची आपल्याकडे रीत आहे. तूर उभी आहे, कापसाची वेचणी अर्धी राहिली आहे, तेव्हा कोणाचा वेळ उगाच घ्यावा अशी आमचीही इच्छा नाही. परंतु या गावात सध्या दोन गोष्टी चालू आहेत. त्या दोन्हींवर पंजाबरावांच्या चरित्रात उत्तर सापडते असे आम्हांस वाटले, म्हणून आम्ही बोलावयास उभे राहिलो.

पहिली गोष्ट अशी. मागल्या बाजाराच्या दिवशी एक गृहस्थ आमच्याकडे आले. नाव सांगत नाही. ते येथेच बसले आहेत. म्हणाले, “गुरुजी, पोरगी वकिलीचं शिकतो म्हणते. घरी अडीच एकर वावर हाये. गहान टाकू का पोरीले घरी बसवू, तुमीच सांगा जी.” आम्ही त्या वेळी काही बोललो नाही. अशा प्रश्नाला उभ्या उभ्या उत्तर देणारा मास्तर शहाणा नव्हे. दुसरी गोष्ट देवळाच्या सभामंडपाच्या वर्गणीची. तिच्याकडे शेवटी येऊ.

आता वावर गहाण टाकण्याचेच बोलावयाचे तर बंधूंनो, आपला अवघा वऱ्हाड प्रांत एके काळी गहाण पडलेला होता, हे आपल्यापैकी किती जणांस ठाऊक आहे? वऱ्हाड निजामाचा. निजामाने इंग्रज कंपनीची फौज बाळगली, तिच्या खर्चाची बाकी थकली, आणि त्या बाकीपोटी १८५३ च्या तहाने वऱ्हाडचा कारभार कंपनीच्या हाती गेला. पुढे १९०२ साली कर्झनसाहेबाने निजामाकडून हा प्रांत कायमच्या भाडेपट्ट्याने घेतला, वर्षाला पंचवीस लाख रुपये भाडे ठरवून! मालक हैदराबादेस, कूळ कलकत्त्यास, आणि नांगर धरणारा तुमचा आमचा पणजोबा. त्याला कोणी विचारले नाही. राजाराजांमधला जो कायदा असतो, ज्याला आज आंतरराष्ट्रीय कायदा म्हणतात, त्याचा असा चटका आपल्या मातीने सोसला आहे. कायदा समजणारा माणूस आपल्यात नसला म्हणजे आपण बैलजोडीसारखे एका दावणीवरून दुसऱ्या दावणीस बांधले जातो.

अशा गहाण प्रांतात पंजाबराव जन्मले. घराण्याचे मूळ आडनाव कदम, देशमुखी वतनामुळे देशमुख म्हणू लागले. पहिली अक्षरे पापळातच गिरवली, मग चांदूर रेल्वे, कारंजा, अमरावतीचे हिंदू हायस्कूल आणि मॅट्रिक झाल्यावर पुण्याचे फर्ग्युसन कॉलेज. तेथील पदवी हाती येण्याआधीच १९२० साली ते विलायतेस निघाले. शामरावांनी त्यासाठी जमीन गहाण टाकली. कुणब्याच्या पोराने बोटीत बसावे हे त्या काळी नवल होते. लोक हसलेही असतील. येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. शामरावांपाशी गहाण टाकण्याजोगे वावर तरी होते. ज्याच्यापाशी धुऱ्याएवढीही जमीन नाही त्याच्या पोराचे काय, हा प्रश्न राहतोच. तो पंजाबरावांनाही पडला होता, हे पुढे दिसेल.

विलायतेत ते एडिंबरोस गेले आणि तेथे संस्कृत घेऊन एम.ए. झाले. त्या काळी एडिंबरोच्या संस्कृताच्या गादीवर आर्थर बेरिडेल कीथ नावाचे स्कॉटिश पंडित होते. हे गृहस्थ अजबच. एका हाताने वेद आणि ब्राह्मणग्रंथ उलगडायचे, दुसऱ्या हाताने साम्राज्याच्या राज्यघटनांवर जाडजूड पुस्तके लिहायचे. राष्ट्राराष्ट्रांमधल्या कायद्यावर व्हीटन नावाच्या अमेरिकन वकिलाचा जुना ग्रंथ होता, तोही पुढे याच कीथसाहेबांनी नव्याने संपादिला. शास्त्र आणि कायदा एकाच माणसाच्या डोक्यात सुखाने नांदू शकतात, हे त्या विद्यापीठात दिसत होते. पंजाबरावांनीही तेच केले. ते बॅरिस्टर झाले आणि सोबत वेदवाङ्मयातील धर्माचा उगम आणि विकास या विषयावर प्रबंध लिहून डॉक्टर झाले. तो प्रबंध १९३३ साली ऑक्सफर्डच्या छापखान्यातून पुस्तकरूपाने निघाला. आम्ही मराठी अध्यापक विद्यालयातले, इंग्रजी आमचे बेताचे. तो ग्रंथ आम्हांस साऱ्या बारकाव्यांनिशी कळला असे म्हणणार नाही. परंतु त्याचे नाव जरी नीट वाचले तरी पुष्कळ कळते. ‘उगम आणि विकास.’ म्हणजे धर्माच्या कल्पना एके काळी उगवल्या, वाढल्या, बदलल्या. जे वाढते आणि बदलते त्यात माणसाचा हात असतो. आणि ज्यात माणसाचा हात आहे ते माणसाला दुरुस्तही करता येते, असे आम्ही त्यावरून समजतो.

हे केवढे मोठे काम होते ते आज कळणार नाही. पंजाबराव पाळण्यात होते त्या सुमारास, सन १८९९ मध्ये, कोल्हापुरात खुद्द शाहू छत्रपतींस त्यांच्या पुरोहिताने सांगितले की तुम्हांस वेदोक्त मंत्रांचा अधिकार नाही, तुम्ही शूद्र आहात, पुराणोक्तावर भागवा. राजाची ही गत, तर रयतेचे काय विचारता! वेदाचे पुस्तक जणू कुलूपबंद पेटीत, किल्ली एका जातीच्या कनवटीला, आणि पेटीत काय लिहिले आहे ते किल्लीवाला सांगेल तेच खरे. आम्ही कोणा जातीला शिव्या देण्यास उभे नाही. ब्राह्मण घरांतही सुधारक निघाले आणि आपल्या घरांतही भिक्षुकी बुद्धीचे लोक काही कमी नाहीत. पण किल्ली होती, हे खोटे नव्हे. पंजाबरावांनी काय केले? पेटी फोडण्याची आरोळी दिली नाही. पेटीतले पुस्तकच शिकून घेतले, इतके की विद्यापीठाने त्यांना त्यात पंडित म्हटले. पापळच्या कुणब्याचे पोर वेदांवर डॉक्टर! आता कोणी म्हणाला की शास्त्रात असे आहे आणि तसे आहे, तर हा गृहस्थ शांतपणे विचारू शकत होता, “कोणत्या शास्त्रात, कोणत्या पानावर?”

सन १९२६ मध्ये ते परत आले आणि अमरावतीस वकिली मांडली. बॅरिस्टर माणूस, त्या काळी पैशाला तोटा नव्हता. मोठा बंगला, मोठी अशिले, आणि गावाकडची जमीन सोडवून वर दुप्पट घेतली असती तरी कोणी नावे ठेवली नसती. आपल्या गावातून शिकून गेलेली पोरे पहा. एक पुण्यास, दोन नागपुरास, एक तर अमेरिकेत. गणपतीला फोटो पाठवतात. आम्ही त्यांना दोष देत नाही, पोट सर्वांनाच आहे. पण पंजाबरावांनी त्याच दोन वर्षांत जे केले ते पहा म्हणजे फरक कळेल.

१९२७ मध्ये अमरावतीस त्यांनी श्रद्धानंद छात्रालय काढले. सर्व जातींची पोरे एका छपराखाली. शामरावांपाशी वावर होते. ज्यांच्यापाशी नव्हते त्यांच्या पोरांसाठी ही जागा. मघाचा प्रश्न आम्ही सोडला होता, त्याचे उत्तर हे. त्याच वर्षी त्यांनी मुंबईच्या सोनार घराण्यातील विमलाबाई वैद्य यांच्याशी लग्न केले. जातीबाहेरचे लग्न, आणि तेही लपून नव्हे. विमलाबाईंनी लग्नानंतरही शिक्षण सोडले नाही, आणि पुढे १९६७ साली त्या राज्यसभेत गेल्या. जातिभेद वाईट आहे असे भाषण आम्हीही करतो. पण सोयरीक जुळवायची वेळ आली म्हणजे आमचीही जीभ जड होते, हे कबूल केले पाहिजे.

आणि त्याच वर्षी अंबादेवी. अमरावतीची अंबादेवी म्हणजे अवघ्या वऱ्हाडची आई. पण या आईच्या काही लेकरांस उंबरठ्यापाशीच अडवले जात होते. १३ नोव्हेंबर १९२७ रोजी अमरावतीस अस्पृश्य समाजाची परिषद भरली, अध्यक्ष डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर. देवळात प्रवेश मिळालाच पाहिजे, नाही तर सत्याग्रह, असे तेथे ठरू लागले. देवस्थानच्या पंचांस विचारास वेळ द्यावा म्हणून सत्याग्रह तेव्हा पुढे ढकलला गेला. या चळवळीच्या पाठीशी पंजाबराव उघड उभे राहिले. आपल्यातील कित्येक बड्या मंडळींना हे रुचले नाही. आम्हांस वर चढू द्या असे म्हणणारे कुणबी-माळी खूप होते. आमच्या खालच्यासही हात द्या असे म्हणणारा एखादाच. ब्राह्मणेतर म्हणवणाऱ्या पुष्कळांची कसोटी येथेच लागली आणि पुष्कळ त्यात उतरले नाहीत. हे आपल्याच पत्रात छापून यावे असे आम्हांस वाटते.

१९२८ मध्ये ते अमरावती जिल्हा कौन्सिलाचे अध्यक्ष झाले. आज जिल्हा परिषद म्हणतो, तशीच ती त्या काळची सभा. खुर्चीवर बसताच सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांस खुल्या करण्याचे काम त्यांनी हाती घेतले. खारपाणपट्ट्यात राहणाऱ्या आपणास हे समजावून सांगायला नको. आपल्या पूर्णाकाठच्या गावांत विहीर खणली तर खारे पाणी लागते. गोड्या पाण्याची एखादी विहीर असते आणि ती म्हणजे गावाचा जीव. त्या एका विहिरीवर एका जातीने चढायचे आणि दुसरीने खाली हात पसरून उभे राहायचे, कोणी दया येऊन घागरीत ओतील तोवर. विहीर कौन्सिलाच्या पैशाने बांधलेली. पैसा सर्वांच्या कराचा. मग पाणी काहींचेच कसे? हा साधा हिशेब आहे, पण तो हिशेब मांडायला कायदा जाणणारा माणूस लागला. सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचाही त्यांनी आग्रह धरला.

यापुढचे सांगायचे ते थोडक्यात सांगतो, कारण मंत्रिपदांची यादी ऐकून कोणाचे पोट भरत नाही. १९३० मध्ये ते मध्यप्रांत-वऱ्हाडच्या कायदेमंडळात निवडून जाऊन मंत्री झाले आणि १९३३ मध्ये त्यांनी ते पद सोडले. १९३२ मध्ये अमरावतीस श्री शिवाजी शिक्षण संस्था उभी राहिली. पुढे ते घटना समितीत होते. मागासवर्गीयांच्या अखिल भारतीय संघटनेचे काम त्यांनी पाहिले. १९५२ पासून दहा वर्षे दिल्लीत मंत्री म्हणून शेतीखात्याशी जोडलेले राहिले. भाताच्या जपानी लागवडीचा प्रसार केला, १९५५ साली भारत कृषक समाज काढला, १९५९ च्या डिसेंबरात दिल्लीस जागतिक कृषी प्रदर्शन भरवले, ज्याला अमेरिकेचे अध्यक्ष आयसेनहॉवर स्वतः आले होते. १० एप्रिल १९६५ रोजी दिल्लीतच त्यांचे देहावसान झाले. चार वर्षांनी अकोल्यास कृषी विद्यापीठ निघाले, ते आज त्यांच्याच नावाने ओळखले जाते. दिल्लीच्या त्या वर्षांविषयी आमचे मत थोडे वेगळे आहे. प्रदर्शने मोठी झाली, पण वऱ्हाडच्या कापसाच्या भावाचे दुखणे तसेच राहिले, आणि आजही आहे. आमच्या मते पंजाबरावांचे खरे काम १९२७ ते १९३३ या सहा-सात वर्षांतले, अमरावतीच्या मातीतले. कोणास हे पटणार नाही, तर न पटो.

त्या सहा-सात वर्षांतल्या दोन कायद्यांविषयी मात्र सविस्तर सांगितले पाहिजे.

एक कर्जाचा. १९२९ नंतर जगभर मंदी आली. कापसाचे भाव कोसळले. सावकाराचे कागद मात्र जुन्या भावाने लिहिलेले. म्हणजे पूर्वी जेवढ्या कापसात कर्ज फिटले असते त्याच्या कित्येक पट कापूस आता घालावा लागे, आणि व्याज तर पावसाळ्यातल्या गवतासारखे. १९३३ मध्ये मध्यप्रांत-वऱ्हाडात कर्जलवादाचा कायदा झाला. लवाद मंडळे नेमायची, धनको आणि ऋणको यांना समोरासमोर बसवायचे, कर्जाचा खरा आकडा काढायचा, तडजोडीने तो कमी करायचा आणि हप्ते बांधून द्यायचे. हिंदुस्थानात अशा प्रकारचा हा पहिलाच कायदा. त्यासाठी झटणाऱ्यांत पंजाबराव होते. बापाचे वावर गहाण पाहिलेला माणूस तो. गहाणखताचा वास त्याला पुस्तकातून शिकावा लागला नव्हता.

दुसरा देवस्थानांचा. १९३२ मध्ये पंजाबरावांनी हिंदू देवस्थानांच्या मालमत्तेविषयीचे विधेयक आणले. म्हणणे साधे होते. देवळांना जमिनी आहेत, दागिने आहेत, उत्पन्न आहे. हे लोकांनी दिले आहे. त्याचा हिशेब ठेवावा, पूजाअर्चेचा खर्च भागून जे उरेल ते शिक्षणासारख्या लोकोपयोगी कामी लावावे. झाले! सनातनी मंडळींत मोहोळ उठले. देवाच्या पैशाला हात लावणारा हा कोण? पण हात लावणारा वेद शिकून आलेला होता, त्यामुळे त्याला पाखंडी म्हणून उडवणे कठीण गेले. पुढे १९५० साली मुंबई राज्यात सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेचा कायदा झाला, आणि आज आपल्याकडेही देवस्थानाने हिशेब ठेवणे व तो तपासून घेणे बंधनकारक आहे. त्या काळी मात्र असे नुसते बोलणेदेखील धाडसाचे होते.

येथून आता आपल्या गावात येऊ. आपल्या देवळाच्या सभामंडपासाठी वर्गणी चालू आहे. आमच्या ऐकण्यात आहे त्याप्रमाणे सव्वादोन लाख जमले. कोणी तुरीचे पोते दिले, कोणी मजुरी देतो म्हणाले. देवाचे काम आहे, आम्हीही आमचा हिस्सा दिला आहे. पण मागील पावसाळ्यात या शाळेच्या वाचनाच्या खोलीत पाणी गळून दोन कपाटांतली पुस्तके भिजली, ती आम्ही पोरांसह ओट्यावर उन्हात वाळत घातली होती, हे आपण सर्वांनी जातायेता पाहिले. गेल्याच आठवड्यात, २० तारखेस, गाडगेबाबांची पुण्यतिथी आपण याच पारावर केली. बाबांनी जन्मभर लोकांकडून पैसा घेतला आणि त्याच्या धर्मशाळा बांधल्या. तेव्हा आमची विनंती एवढीच की सभामंडपाच्या वर्गणीतला दहावा हिस्सा या खोलीच्या छपराला द्यावा, आणि दोन्ही खर्चांचा हिशेब चावडीवर कागद लावून सर्वांस दाखवावा. मंडप एक हात आखूड झाला तर पांडुरंग रागावणार नाही. रागावलाच तर तो राग आमच्यावर येऊ द्या.

राहिला त्या मुलीचा प्रश्न. आम्ही आठ दिवस चौकशी केली. तिच्या बापाने ऐकावे.

वावर गहाण टाकू नका. शामरावांना टाकावे लागले, कारण त्यांच्यापुढे दुसरा मार्ग नव्हता. त्यानंतर शंभर वर्षांत जे थोडेबहुत मार्ग झाले ते आपण वापरले नाहीत तर दोष आपला. जुलै २०२४ मध्ये राज्य सरकारने निर्णय काढला आहे. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल, आणि मुलगी इतर मागास, सामाजिक व शैक्षणिक मागास किंवा आर्थिक दुर्बल गटातली असेल, तर सरकारी प्रवेशप्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमात गेलेल्या मुलीची शिकवणी व परीक्षा फी माफ होते. म्हणून प्रवेश सामायिक परीक्षा देऊन, सरकारी यादीतूनच घ्यायचा. कोणी दलाल मधल्या वाटेने जागा देतो म्हणाला तर त्याला चहा पाजून वाटेला लावा. शहरात राहण्याच्या खर्चासाठी एक योजना आहे, अल्पभूधारक कास्तकारांच्या व नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी, तिचे नाव डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना. तिचे नियम बारकाईने वाचून अर्ज करायचा. एवढे करूनही कमी पडले तर बँकेचे शैक्षणिक कर्ज आहे. साडेसात लाखांपर्यंतचे कर्ज पतहमी योजनेत बसत असेल तर बँकेने त्याला तारण मागू नये असे आहे. सातबारा घरीच राहू द्या.

आणि हे बायांनीही ऐकावे. मुलीला वकिली शिकवून काय करायचे, शेवटी ती दुसऱ्याच्या घरी जाणार, असे विहिरीवर बोलले जाते ते आमच्या कानी आले आहे. या गावात फेरफाराच्या भानगडी किती आहेत, वारसाची नोंद अडून किती विधवा तहसिलीचे खेटे घालतात, पीकविम्याचा अर्ज का नाकारला हे इंग्रजी कागदावरून वाचून सांगणारा एक माणूस गावात नाही, हे त्या बायांनाच आम्हांपेक्षा जास्त ठाऊक आहे. त्यांतल्या एकीचे काम त्या पोरीने केले तरी शिकवल्याचे पैसे फिटले. ती दुसऱ्या गावी गेली तर त्या गावातल्या विधवा काही परक्या नाहीत.

लागणारे कागद असे. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, नॉन-क्रिमिलेअर, अधिवास, सातबारा व आठ-अ चा उतारा, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, आधार, आणि बँकेचे पासबुक मुलीच्या स्वतःच्या नावाचे. उत्पन्नाच्या दाखल्याला दिवस लागतात, तेव्हा तो आधी. पोरीला घेऊन सोमवारी शाळा सुटल्यावर या. अर्ज आम्ही भरून देऊ. वर्गणीची वही सरपंचांकडे आहे. छपराचा हिस्सा ज्यांना मान्य असेल त्यांनी जाताना तिच्यात सही करावी. अंगठा चालेल, पण शाळेच्या ओट्यावर अंगठा उठवण्यापेक्षा नाव लिहिलेले बरे दिसेल. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी चौथीतल्या पोरांना हाताशी धरावे. पेन टेबलावर ठेवले आहे.